महापालिकेच्या हद्दीतली वाडी

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. चार नगरपालिका आणि पन्नासहून अधिक ग्रामपंचायती एका हद्दीत आल्या. आगाशी, गास, वाघोली, निर्मळ, भुईगाव या पश्चिम पट्ट्यातल्या गावांत त्या दिवशी सकाळीही केळीला पाणी सोडलं गेलं असेल, चाफ्याची फुलं खुडली गेली असतील. कागदावर मात्र मोठी गोष्ट घडली होती. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत आणि त्यातला पहिलाच विषय शेती आहे. नगरपालिका आणि महापालिकांसाठी बारावी अनुसूची आहे, तिच्यात १८ विषय आहेत. नगररचना, रस्ते, पूल, पाणी, अग्निशमन, बागा, स्मशानं, जनावरांचे कोंडवाडे, कत्तलखाने, सगळं आहे. शेती नाही. लोकांनी खायचं काय आणि ते येणार कुठून, हाही विषय नाही.

म्हणजे गाव महापालिकेत गेलं की वाडी, म्हणजे केळी-भाजी-फुलांची बागायत, जागेवर राहते, पण तिच्याकडे पाहण्याची जबाबदारी असलेली स्थानिक संस्था राहत नाही. राज्याचा कृषी विभाग असतो, त्याची माणसं तालुक्याला बसतात. पण रोजचा संबंध ज्या संस्थेशी येतो, तिच्याकडे उद्यान विभाग असतो आणि शेती विभाग नसतो. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावं महापालिकेत आली. त्यांत मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडी, होळकरवाडी अशी भाजीपाला पिकवणारी गावं होती. चर्चा झाली ती मिळकतकराची, टँकरची, ड्रेनेजची. ती व्हायलाच हवी होती. पण तिथल्या भाजीच्या रानाचं काय होणार, हा प्रश्न ठरावात आला नाही आणि बातमीतही आला नाही.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच: शहराच्या पर्यावरणाचा किंवा हवामानाचा कोणताही आराखडा अन्नाला स्वतंत्र प्रकरण, स्वतंत्र अधिकारी आणि अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षक देत नसेल, तर तो अपुरा आहे. आणि या प्रकरणाची सुरुवात गच्चीवरच्या कुंड्यांपासून नको, हद्दीत आज उभ्या असलेल्या वाड्यांपासून हवी.

मुंबईचंच पाहू. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवणारा हा देशातल्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक, आणि त्याचं कौतुक मनापासून आहे. त्यात सहा क्षेत्रं आहेत: ऊर्जा आणि इमारती, वाहतूक, कचरा, हरितीकरण आणि जैवविविधता, हवेची गुणवत्ता, पूर आणि जलव्यवस्थापन. सव्वा कोटींच्या आसपास माणसं रोज दोन-तीन वेळा जेवतात त्या शहराच्या आराखड्यात अन्न हे सातवं क्षेत्र नाही. ते दिसतं कचऱ्याच्या प्रकरणात. महापालिकेच्याच अहवालांनुसार मुंबईच्या कचऱ्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा अन्नाच्या ओल्या कचऱ्याचा आहे. फेकून दिलं की अन्नाची नोंद होते. त्याआधी ते कुणी पिकवलं, कोणत्या पाण्यावर, कोणत्या बाजारातून आलं, किती वाटेत सडलं, याची नोंद ठेवणारं खातं नाही.

आता वसईकडे परत येतो, कारण या प्रश्नाच्या सगळ्या गाठी तिथे एका जागी सापडतात.

वसईची वाडी म्हणजे एकरी मोजावी अशी शेती नव्हे, ती गुंठ्यांत मोजतात. विहिरीभोवती केळी, कडेला नारळ, एखाद्या तुकड्यात नागवेल, आळूचा वाफा, मांडवावर दुधी आणि कारली, वालाचे वेल, चाफा आणि मोगरा. या वाड्यांना जोडून बावखलं असत. बावखल म्हणजे वाडीलगत खणलेलं गोड्या पाण्याचं डबकेवजा तळं. पावसाळ्यात भोवतालचं पाणी त्यात उतरायचं, महिनोन्महिने जमिनीत मुरायचं आणि शेजारच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाझर टिकायचा. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या या पट्ट्यात गोड्या पाण्याचा दाब जमिनीखाली राहिला नाही तर खारं पाणी आत शिरतं. पिढ्यान्‌पिढ्या वाडी कसणाऱ्यांना हे पाठ होतं आणि त्यांनी त्यावर उत्तर खणून ठेवलं होतं. बावखल बहुधा भाऊबंदकीत सामाईक. वापर थांबला की त्यात कचरा पडायला लागतो, मग भराव पडतो, मग त्यावर इमारत उभी राहते. असं एकेक करत किती बावखलं गेली, हे महापालिकेच्या कोणत्याही विभागाला सांगावंच लागत नाही.

जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार-नालासोपारा दिवसचे दिवस पाण्याखाली होतं. रेल्वे बंद, वीज बंद. पूर आला की आपण नाले आणि पंप मोजतो. पाणी धरून ठेवणारी वाडी, तळं, मिठागर किती उरलं हेही त्याच हिशेबात मोजायला हवं, कारण त्या पुराचं पाणी थोपवणारी जागा आणि आपल्या ताटात येणारी भाजी पिकवणारी जागा ही एकच जागा आहे. एकीकडे पूर नियंत्रणाचा खर्च आणि दुसरीकडे वाडीवर बांधकामाला परवानगी, अशी एकाच कचेरीतून एकमेकींच्या विरुद्ध जाणारी दोन कामं होतात ती या दोन गोष्टी वेगळ्या फाइलींत असल्यामुळे.

पाण्याचं दुसरं टोक आणखी दूर आहे. सूर्या धरण बांधलं ते पालघर-डहाणूकडच्या, मुख्यतः आदिवासी, शेतीच्या सिंचनासाठी. आज सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतून ४०३ दशलक्ष लिटर पाणी रोज शहरांकडे वळवायचं ठरलं आहे. त्यातलं १८५ वसई-विरारला, २१८ मीरा-भाईंदरला. तिथल्या शेतकऱ्यांनी याला विरोध केला आणि तो विरोध मला न्याय्य वाटतो. शहराला पाणी लागतं, नाकारत कुणीच नाही. पण स्वतःच्या हद्दीतले गोड्या पाण्याचे साठे बुजवू देणारं शहर जेव्हा दुसऱ्याच्या शेताचं पाणी मागतं, तेव्हा ते अन्न पिकवणाऱ्या दोन जागा एकदम कमी करत असतं. पाणीपुरवठ्याच्या अहवालात याची ओळसुद्धा नसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो घ्यायलाच हवा. कुठलंही महानगर आपल्या हद्दीत आपलं पोट भरू शकत नाही. तांदूळ, गहू, डाळ, तेल बाहेरूनच येणार. कांदा नाशिकहून येणार. शिवाय अन्नाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा तसा लहान असतो. काय पिकवलं आणि कसं पिकवलं याचा मोठा. तेव्हा ‘जवळचं ते हिरवं’ एवढ्यावर धोरण उभं करणाऱ्यांशी मीही सहमत नाही. माझा मुद्दा पालेभाजी, फुलं, केळी, दूध, मासळी अशा नाशवंत मालापुरता आहे. हा माल एका दिवसात विकला नाही तर फेकावा लागतो. त्यासाठी जवळची जमीन, जवळचं पाणी आणि जवळची बाजाराची जागा लागते. ही तिन्ही महापालिकेच्या अधिकारातली आहेत.

एकाच मोठ्या नळीवर अवलंबून राहिलं की काय होतं, हे २०२० साली दिसलं. मे महिन्यात रुग्ण वाढल्यामुळे वाशीचा कृषी उत्पन्न बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला. मार्चपासून लोकल बंद होती, त्यामुळे वसईचा माल दादरला पोचत नव्हता. ५० किलोमीटरवर भाजी उभी होती आणि शहरात भाजीसाठी रांगा होत्या. त्या काळात ठिकठिकाणी शेतकरी गटांनी सोसायट्यांच्या दारात माल पोचवला. काही महिन्यांनी सगळं पूर्ववत झालं आणि यातल्या बहुतेक सोयी विरून गेल्या, कारण त्यांना कायमची जागा कुणी दिली नव्हती.

जागेचा प्रश्न जरा जवळून पाहू. वसई-विरारहून पहाटेच्या लोकलने बायका टोपल्या घेऊन निघतात. मालडब्यात मासळीच्या पाट्या, दुधाचे कॅन आणि त्यांत या टोपल्या: आळूच्या जुड्या, केळीची पानं, दुधी, वालाच्या शेंगा, पानात बांधलेला चाफा. दादर, पार्ले, अंधेरी, बोरिवली अशा स्टेशनांवर उतरून स्टेशनाच्या तोंडाशीच बसायचं, दहा-अकरापर्यंत माल संपवायचा आणि परत फिरायचं, असा हा धंदा आहे. वजन डोक्यावर असल्यामुळे लांब जाता येत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. त्यानंतर, १ नोव्हेंबर २०१७ ला, मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले बसता कामा नयेत असा निर्णय दिला. पुलांवर आणि जिन्यांवर वाट मोकळी हवीच. पण आपल्याच वाडीतला माल घेऊन तीन-चार तास बसणारी बाई आणि दिवसभर फुटपाथ अडवणारं दुकान यांच्यात फरक करण्याची जबाबदारी महापालिकेची होती, आणि ती पार पडली नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी शहराने पथविक्रीचा आराखडा करायचा आहे. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत आणि त्यांत एक-तृतीयांश महिला. स्टेशनच्या १५० मीटरच्या रेषेबाहेर लगेचची एखादी जागा सकाळी ११ पर्यंत फक्त पिकवणाऱ्यांसाठी ठेवायची, तिथे छप्पर, पाण्याचा नळ आणि बाईला वापरता येईल असं स्वच्छतागृह द्यायचं, हे त्या आराखड्यात सहज बसतं. एका उड्डाणपुलाच्या सुशोभीकरणाच्या खर्चात अशा कितीतरी जागा होतील.

मंडई हे तर महापालिकेचं जुनं, कायद्याने बांधलेलं काम आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईत आणि पुण्यात ज्या भव्य मंडया उभ्या राहिल्या, त्या शहराने अन्नाची जबाबदारी घेतल्याच्या खुणा होत्या. पुढे घाऊक व्यापार बाजार समित्यांकडे गेला, मुंबईचा भाजीबाजार वाशीला गेला, आणि महापालिकेने गाळेभाडं वसूल करण्यापलीकडे मंडईकडे पाहणं सोडलं. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. विधान भवनाच्या आवारातही असा बाजार भरला. कल्पना चांगली होती. पण मैदान कुणाचं, परवानगी कुणाची, कचरा कोण उचलणार, या प्रश्नांवर दर आठवड्याला नव्याने विनवण्या कराव्या लागतात तोवर बाजार रुजत नाही. विकास आराखड्यात शाळा आणि क्रीडांगणासारखं शेतकरी बाजाराचं आरक्षण नकाशावर पडलं तरच तो टिकेल.

तरीही सर्वांत अवघड गाठ वेगळीच आहे. वाडीवाल्याला वाडी का ठेवावीशी वाटावी?

हरित वसईचं आंदोलन १९८० च्या दशकाच्या शेवटी उभं राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी हरितपट्टा वाचवण्यासाठी, टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध लढा दिला. आज पश्चिमेला जे हिरवं दिसतं त्याचं मोठं श्रेय त्यांना आहे. गावं महापालिकेतून वगळा, ही पुढची मागणीही त्याच काळजीतून आली आणि २९ गावांचा तो प्रश्न वर्षानुवर्षं कोर्टात अडकून राहिला. पण आंदोलनाने जमीन वाचते, शेती वाचतेच असं नाही. वाडीत पुढची पिढी नोकरीला लागली आहे. मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी भाजीच्या भावात बसत नाही. शेजारच्या सर्व्हे नंबरवर बंगले झाले आहेत आणि एका गुंठ्याचा भाव दहा वर्षं भाजी विकूनही येणार नाही एवढा आहे. अशा माणसाला ‘हिरवं ठेव’ म्हणून सांगायचं आणि त्याचा सगळा तोटा त्यालाच सोसायला लावायचा, हा अन्याय आहे. शहराला थंड हवा, मुरलेलं पाणी, ताजी भाजी हवी असेल तर शहराने पैसे मोजले पाहिजेत. हे मी ठामपणे म्हणतो, कारण पर्यावरणवादी चळवळीतही ही बाजू बहुधा दबक्या आवाजात मांडली जाते.

पैसे कुठून, हा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. प्रत्येक बांधकामावर महापालिका विकास शुल्क घेते. त्यातला ठरावीक हिस्सा कसलेल्या वाडीला आणि जिवंत राखलेल्या बावखलाला दर गुंठ्याला वार्षिक मोबदला म्हणून देता येईल. पिकाची पाहणी दरवर्षी होतेच, सातबाऱ्यावर नोंद येतेच, त्यामुळे खऱ्या-खोट्याचा निवाडा अशक्य नाही. दुसरा मार्ग मुंबईत वापरात आहे. वारसा इमारतीच्या मालकाला, बांधता न येणाऱ्या क्षेत्राच्या बदल्यात, टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो. तो हक्क विकायचा आणि इमारत स्वतःकडेच ठेवायची. वाडीला हेच लागू करायला काय अडचण आहे? मालकाला पैसा मिळेल, जमीन त्याच्याच नावावर राहील, आणि तिच्यावर इमारत उभी राहणार नाही ही अट उताऱ्यावर चढेल.

याहून मोठी ताकद खरेदीत आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. पोषण आहाराच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. एखाद्या शहरात प्राथमिकची एक लाख मुलं हा आहार घेत असतील, तर शाळेच्या प्रत्येक दिवशी पाच टन भाजी लागते. त्यात महापालिकेच्या रुग्णालयांची स्वयंपाकघरं मिळवा, कर्मचाऱ्यांची कँटीन मिळवा. ही भाजी आज ठेकेदार जिथून स्वस्त मिळेल तिथून उचलतो. निविदेत एक अट घातली, की ठरावीक वाटा हद्दीतल्या किंवा जिल्ह्यातल्या शेतकरी गटांकडून, आठवड्याच्या आत रोख चुकत्याने घ्यायचा, तर वाडीवाल्याला वर्षभराचं बांधील गिऱ्हाईक मिळतं. भाव थोडा जास्त पडेल. तो फरक मुलांच्या ताटातल्या ताज्या भाजीसाठी असेल, आणि सार्वजनिक पैशाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

हे स्वप्नरंजन आहे असं कुणाला वाटेल म्हणून सांगतो. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते या शहराने १९९३ साली महापालिकेत अन्नपुरवठ्याचं स्वतंत्र खातं काढलं. भोवतालच्या शेतकऱ्यांना शहरात मोक्याच्या जागी विक्रीची ठिकाणं दिली, स्वस्त जेवणाची सार्वजनिक भोजनालयं चालवली, शाळांच्या जेवणाची खरेदी या सगळ्याशी जोडली. यावरचा खर्च शहराच्या अंदाजपत्रकाच्या दोन टक्क्यांच्या आत राहिला. आपल्याकडे कोलकात्याच्या पूर्वेच्या पाणथळ जागा पाहा. सुमारे १२,५०० हेक्टरचा हा पट्टा शहराचं सांडपाणी तळ्यांत घेतो, ऊन आणि शेवाळ ते शुद्ध करतात, त्यात मासे वाढतात, धापाच्या रानात भाजी पिकते, आणि हे सगळं परत शहराच्या बाजारात येतं. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने हे काय चाललं आहे ते शहराला उलगडून दाखवलं. २००२ साली या पट्ट्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, २००६ साली राज्याने त्यासाठी वेगळा कायदा केला. अतिक्रमणं तिथेही आहेत आणि लढा अजून संपलेला नाही. पण मासेमार आणि भाजीवाले हे शहराच्या स्वच्छतायंत्रणेचा भाग आहेत, हे तिथे कायद्याने मान्य झालं. मुंबईत रेल्वेरुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या पालकाची भीती वाटते ती रास्त आहे. त्या भीतीचं उत्तर पाण्याची आणि भाजीची नियमित तपासणी हे आहे, आणि तेही आरोग्य विभाग असलेल्या महापालिकेशिवाय दुसरं कुणी करणार नाही.

कायद्याची आडकाठी फारशी नाही. बाराव्या अनुसूचीत शेती नसली तरी पर्यावरण संरक्षण आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, जमीन वापराचं नियमन आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात जमिनीचे कोणकोणते वापर ठरवायचे ते दिलं आहे. निवासी, औद्योगिक, व्यापारी यांच्या रांगेत शेती तिथे लिहिलेली आहे. कमी आहे ती हे कलम वापरणाऱ्या माणसांची.

वसई-विरारचा सिडकोने केलेला विकास आराखडा २०२१ पर्यंतचा होता. पुढच्या वीस वर्षांचा आराखडा हरकती-सूचनांसाठी लोकांपुढे येईल तेव्हा बहुतेक हरकती आपल्या घरावरून जाणाऱ्या रस्त्याच्या किंवा आरक्षणाच्या असतील, आणि त्या नैसर्गिक आहेत. त्यांच्या बरोबर प्रत्येक गावातून आणखी एक अर्ज जावा. त्यात गावातल्या प्रत्येक बावखलाचा आणि कसत्या वाडीचा सर्व्हे नंबर असावा, नकाशावर त्यांची खूण मागितलेली असावी, मोबदल्याचं शीर्षक अंदाजपत्रकात मागितलेलं असावं आणि स्टेशनजवळच्या एका सकाळच्या बाजाराची जागा नाव घेऊन मागितलेली असावी. पोच शिक्क्यासह घ्यावी. सुनावणीला टोपली घेऊन लोकल पकडणाऱ्या बायकांनी स्वतः बोलावं, आणि सुनावणीची वेळ दुपारी दोननंतरची मागून घ्यावी, कारण त्याआधी त्या दादरहून परतलेल्या नसतात.